गावाबरोबर हरवलेली चर्चची दफनभूमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाव उठलं की घरं पडतात, विहिरी बुजतात, वाटा मोडतात. चर्चभोवती पुरलेली माणसं मात्र उठून जात नाहीत. वरचे दगड नाहीसे झाले, भिंत ढासळली, चर्चची शेवटची कमानही कोणीतरी बांधकामासाठी उचलून नेली, तरी ती तिथेच असतात. अशा जागांविषयी लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं मुख्यतः युरोपातली आहेत, कारण चर्चच्या आवारात दफन करण्याची रीत तिथे हजार वर्षांहून अधिक काळ चालली आणि हरवलेल्या दफनभूमींचा शोधही सगळ्यात जास्त तिथेच घेतला गेला.

दफनभूमी ‘नाहीशी झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

तीन अगदी वेगळ्या गोष्टींना लोक हा एकच शब्द लावतात. कधी वरच्या खुणा गेलेल्या असतात, पण कबरी जागच्या जागी असतात. कधी अवशेष उकरून दुसरीकडे नेलेले असतात आणि मागे नुसती जमीन उरते. आणि कधी जमीनच गेलेली असते, समुद्राने किंवा नदीने खाल्लेली.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त आढळतो, आणि सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याचबद्दल आहेत. ‘आता तिथे काही नाही’ असं म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा फक्त गवत पाहिलेलं असतं. म्हणून शोधाला निघण्याआधी आपली जागा या तिघांपैकी कुठली ते ठरवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मुळात चर्चच्या आवारातच का पुरत असत?

रोमन काळात शहराच्या हद्दीत दफनाला मनाई होती. रस्त्याच्या कडेला, वेशीबाहेर कबरी असत. ख्रिस्ती समाजात हुतात्म्यांच्या कबरींवर चर्च उभी राहू लागली, आणि मग आपणही त्या पवित्र अवशेषांच्या, वेदीच्या जवळ असावं ही ओढ सुरू झाली. मध्ययुगापर्यंत जिवंत माणसं आणि मेलेली माणसं एकाच भिंतीच्या आत आली. रविवारी चर्चला येणारा प्रत्येक जण आपल्या आजा-पणजांच्या मधून चालत येई. ‘सिमेटरी’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच झोपण्याची जागा. आपण ‘चिरनिद्रा’ म्हणतो, त्याच्या फार जवळचा. जर्मन भाषेत दफनभूमीला ‘देवाचं शेत’ अशा अर्थाचा जुना शब्द आहे.

भावनेइतकाच व्यवहारही होता. दफनाचा हक्क आणि त्याची दक्षिणा त्या-त्या भागाच्या मुख्य चर्चकडे असे. त्यामुळे वाडीवस्तीवरच्या लोकांना प्रेत कित्येक मैल खांद्यावरून न्यावं लागे. इंग्लंडमधल्या डार्टमूर या उजाड पठारावर ‘लिच वे’ नावाची वाट अजून दाखवतात. जुन्या इंग्रजीत ‘लिच’ म्हणजे प्रेत. पठारावरच्या शेतकऱ्यांना या वाटेने लिडफर्डच्या चर्चपर्यंत जावं लागे. १२६० मध्ये बिशपांनी त्यांतल्या काहींना जवळच्या वाइडकूमच्या चर्चमध्ये दफनाची परवानगी दिली. हिवाळ्यात, ओढे तुडुंब असताना, ती वाट तुडवणाऱ्यांचा विचार केला की त्या परवानगीचं मोल कळतं.

एवढ्याशा आवारात शेकडो वर्षं माणसं मावली कशी?

हिशोब करून पाहा. दोनशे वस्तीचं गाव आहे आणि वर्षाला सहा मृत्यू होतात असं धरा. पाचशे वर्षांत तीन हजार दफनं होतात, आणि आवार असतं एखाद्या एकराचं किंवा त्याहून कमी. म्हणजे तीच जमीन पुन्हापुन्हा उकरावी लागणार. तशी ती उकरली जातही होती. जुनी हाडं निघाली की ती बाजूला सारून नव्या खड्ड्याच्या मातीत परत टाकत, किंवा चर्चलगतच्या अस्थिगृहात रचून ठेवत.

ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या डोंगर आणि तळं यांच्या बेचक्यातल्या गावाला पसरायला जागाच नव्हती. तिथे काही वर्षांनी कबर उघडून कवटी काढत, उन्हात वाळवून पांढरी करत आणि तिच्यावर नाव व फुलापानांची वेलबुट्टी रंगवत. तिथल्या अस्थिगृहात बाराशेच्या आसपास कवट्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त रंगवलेल्या आहेत. यात अनादर शोधू नये. जागा दुसऱ्याला द्यायची आणि नाव जवळ ठेवायचं, यासाठी त्या गावाने काढलेली ती वाट होती.

सततच्या दफनाने जमीनही चढत जाते. जुन्या चर्चच्या भिंती जमिनीत रुतल्यासारख्या दिसतात तेव्हा बहुतेकदा इमारत खचलेली नसते, भोवतालची माती वर आलेली असते. चर्च पूर्ण गेल्यावरही हा उंचवटा शिल्लक राहतो, आणि शोधणाऱ्याला तोच पहिला दुवा मिळतो.

सगळ्या कबरींवर दगड होते का?

नाही. बहुतेकांवर कधीच नव्हते. आवारात उघड्यावर नाव कोरलेला दगड उभा करण्याची पद्धत खेड्यांत साधारण सतराव्या शतकापासून पसरली, तीही ज्यांना परवडत होतं त्यांच्यात. श्रीमंतांची दफनं त्याआधी चर्चच्या आत, फरशीखाली होत. बाकीच्यांसाठी मातीचा उंचवटा, फार तर लाकडी क्रूस किंवा फळी. लाकूड काही दशकांत कुजतं. म्हणजे दहा दगड दिसले की दहा कबरी, हा हिशोब साफ चुकीचा आहे. दहा दगडांच्या आवारात खाली हजार माणसं असू शकतात.

जे दगड होते ते कुठे गेले?

फार लांब नाही. पायरी, उंबरा, गोठ्याची फरशी, ओढ्यावरची साकव, चुलीमागची भिंत. सपाट घडवलेला दगड फुकट मिळत असेल तर गरजू शेतकरी तो उचलणारच. मी त्याला दोष देत नाही. काही ठिकाणी गवत कापणं सोपं जावं म्हणून पुढच्या काळात दगड उपटून भिंतीला टेकवून ठेवले. त्यांतली नावं टिकली, पण नाव आणि जागा यांची ताटातूट झाली. माझ्या मते हे नुकसान दगड फुटण्यापेक्षा मोठं आहे. फुटलेला दगड जागेवर असेल तर सांधता येतो. जागेवरून हललेला दगड कोणाच्या उशाशी होता ते कळायला मार्ग उरत नाही.

गाव उठल्यामुळे दफनभूमी हरवते, की दफनभूमी हरवण्याचं कारण वेगळं असतं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

मराठी महसुली दप्तरात ‘बेचिराग’ असा शब्द आहे. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव. इंग्लंडमध्ये मध्ययुगातली अशी दोन हजारांहून अधिक बेचिराग गावं नोंदलेली आहेत. लोक पटकन १३४८-४९ च्या प्लेगकडे बोट दाखवतात. प्लेगने माणसं कमी केली हे खरं, पण बहुतेक गावं एका फटक्यात मेली नाहीत. ती हळूहळू विरळ झाली आणि मग लोकरीचा भाव चढल्यावर जमीनदारांनी उरलेल्यांना हुसकावून शेतं मेंढ्यांना दिली.

यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी हे त्यांतलं सगळ्यात नीट अभ्यासलेलं गाव. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं, दर उन्हाळ्यात, तिथे उत्खनन झालं. गाव १५०० च्या सुमारास संपलं. शेवटची काही कुटुंबं काढून लावून तिथे मेंढ्या आल्या. पण सेंट मार्टिनचं चर्च आणि त्याचं आवार पुढे चारशेहून अधिक वर्षं वापरात राहिलं! कारण शेजारच्या वस्त्यांना दुसरं चर्च नव्हतं. त्यांची माणसं ओसाड दरीत उतरून तिथे येत राहिली, लग्नाला आणि मातीला. वस्ती घटली तसं चर्चही आकसत गेलं. बाजूच्या ओवऱ्या पाडून कमानी बुजवल्या, त्या बुजवलेल्या कमानी आज भिंतीत स्पष्ट दिसतात. १८७० मध्ये शेजारच्या थिक्सेंडेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि येणारे पाय कमी झाले. शेवटची उपासना १९४९ मध्ये झाली. दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, मनोऱ्याचा भाग कोसळला.

हा क्रम पाहा. गाव गेलं तेव्हा दफनभूमी गेली नाही. येणं-जाणं थांबलं तेव्हा गेली. पाऊस, वारा, झाडांची मुळं ही पुढची गोष्ट. जिथे वर्षातून एकदा का होईना कोणी येऊन गवत काढतं, तिथे छप्पर नसलेली दफनभूमीही शतकानुशतकं टिकलेली दिसते.

याची उलट बाजू पाहायची असेल तर विल्टशरमधलं इंबर पाहा. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या सरावासाठी १९४३ च्या नोव्हेंबरात गावकऱ्यांना ४७ दिवसांची मुदत देऊन गाव रिकामं करायला सांगितलं, आणि ते कधीच परत राहायला येऊ शकले नाहीत. घरं गोळीबाराने मोडली. पण सेंट जाइल्सचं चर्च आणि आवार कुंपण घालून राखलं गेलं, आणि दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास संतांच्या सणाला तिथे उपासना होते. गाव ऐंशीहून अधिक वर्षं रिकामं आहे. दफनभूमी हरवलेली नाही.

समुद्राने किंवा वाळूने गिळलेल्या दफनभूमींचं काय?

इंग्लंडमधल्या सफोकच्या किनाऱ्यावरचं डनिच एके काळी मोठं बंदर होतं. तेराव्या शतकापासूनच्या वादळांनी ते तुकड्या-तुकड्याने समुद्रात गेलं. ऑल सेंट्स हे तिथल्या जुन्या चर्चपैकी शेवटचं. १९०४ मध्ये कडा त्याच्या भिंतीला भिडला आणि १९१९ मध्ये मनोरा खाली गेला. मग आवाराची पाळी आली. कड्याच्या उभ्या मातीतून हाडं बाहेर डोकावत, भरती आली की खाली पडत. अशा ठिकाणी जतन हा शब्द वापरता येत नाही. जे दिसतं ते नोंदवून घेणं, आणि शक्य असेल तिथे अवशेष आधीच काढून दुसरीकडे सन्मानाने पुरणं, एवढंच हातात असतं.

डेन्मार्कच्या टोकाला स्केगेनजवळ उलट घडलं. तिथे चर्चवर वाळू चढत गेली. १७७५ च्या सुमारापासून लोक उपासनेसाठी फावड्याने दार मोकळं करून आत जात. वीस वर्षं त्यांनी हे केलं. अखेर १७९५ मध्ये राजाच्या आज्ञेने चर्च बंद झालं. बाकीची इमारत उतरवून विकली, मनोरा मात्र जहाजांना खूण म्हणून ठेवला. पांढरा मनोरा आज वाळूच्या टेकडीतून वर आलेला दिसतो. आवार वाळूखाली आहे. वाळू ही एका परीने चांगली राखणदार आहे, ती नांगरू देत नाही.

धरणाखाली गाव जाणार असेल तर मृतांना हलवतात का?

बऱ्याचदा हलवतात, पण सगळे हलतात असं नाही. इंग्लंडमध्ये डर्बिशरमधल्या डरवेंट गावावर लेडीबोअर जलाशय आला तेव्हा चर्चच्या आवारातले अवशेष काढून जवळच्या बॅमफर्ड गावी पुन्हा पुरले. चर्चचा मनोरा पाण्यातून डोकावत स्मारक म्हणून ठेवला होता, पण लोक पोहत त्याच्याकडे जाऊ लागले म्हणून १९४७ च्या डिसेंबरात तो सुरुंगाने उडवला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या क्वाबिन जलाशयासाठी १९३८ मध्ये चार गावं अधिकृतपणे विसर्जित झाली आणि साडेसात हजारांहून अधिक मृतांचे अवशेष मुख्यतः एका नव्या दफनभूमीत नेले.

हलवताना यादी कशावरून करतात? दगडांवरून आणि चर्चच्या दफननोंदीच्या वहीवरून. ज्यांच्यावर दगड नव्हता आणि ज्यांची वही जळाली किंवा हरवली, त्यांना शोधायला कोणी आलं नसेल तर ते पाण्याखाली राहिले असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून ‘सगळे नेले’ असं कागदावर लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ ‘ज्यांची माहिती होती ते नेले’ असा घ्यावा.

जमिनीकडे पाहून जुनी दफनभूमी ओळखता येते का?

सवय झाली की येते. सकाळी लवकर किंवा मावळतीला जा. तिरप्या उन्हात हातभर उंचीचा चढउतारही सावली टाकतो, जो भर दुपारी अजिबात दिसत नाही. कबरी पूर्व-पश्चिम असतात: डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठणारा माणूस पूर्वेकडे तोंड करून उठेल. शवपेटी कुजून कोसळली की वरची माती खचते आणि माणसाच्या लांबीचा उथळ खळगा तयार होतो. असे पाचसहा खळगे समांतर ओळीत दिसले तर तो योगायोग नसतो.

झाडं-झुडपंही बोलतात. युरोपात जुन्या आवारात यू वृक्ष असतो. तो शेकडो वर्षं जगतो आणि कित्येकदा चर्चपेक्षा जुना निघतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात कबरींवर व्हिंका नावाची निळ्या फुलांची, जमिनीलगत पसरणारी सदाहरित वेल लावत. आज रानात मधेच तिचा गालिचा दिसला की जाणकार थबकतात. वेल्स आणि आयर्लंडमध्ये गोल किंवा लंबगोल बांध हा आणखी एक दुवा. तिथली सुरुवातीची आवारं बऱ्याचदा वर्तुळाकार होती, आणि शेतांच्या चौकोनी रेषा त्या जुन्या गोलाला अजूनही वळसा घालून जातात. गावाच्या नावात ‘लान’ किंवा ‘किल’ असेल तर शंका आणखी पक्की होते, कारण दोन्ही शब्द जुन्या चर्चशी बांधलेले आहेत. मात्र आयर्लंडमधला ‘किल’ कधी रानासाठीच्या शब्दावरूनही येतो, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये.

कडक उन्हाळ्यात वरून पाहणं सगळ्यात फळतं. गाडलेल्या भिंतीवरचं गवत आधी करपतं आणि बुजलेल्या खड्ड्यावरचं पीक उंच, हिरवं राहतं. विमानातून किंवा ड्रोनमधून चर्चचा पूर्ण आराखडा शेतात उमटलेला दिसू शकतो.

रडार लावलं की सगळं दिसतं ना?

दिसत नाही, आणि याबाबत फार अपेक्षा ठेवून लोक निराश होतात. जमिनीत शिरणारं रडार हाडं दाखवत नाही. एकदा उकरून परत भरलेली माती भोवतालच्या मातीहून वेगळी असते, तो फरक ते दाखवतं. कोरड्या वाळूत ते छान चालतं, ओल्या चिकणमातीत लहरी लगेच विरतात. शिवाय पाचशे वर्षं पुन्हापुन्हा उकरलेल्या आवारात एकेक कबर सुटी दिसत नाही, सगळा गोंधळ दिसतो. विद्युतरोध मोजून भिंतीचा पाया छान सापडतो, कारण दगड कोरडा असतो. भिंत सापडली की आवाराचा अंदाज बांधता येतो.

कागदपत्रांत काय शोधायचं?

इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवणं बंधनकारक झालं. रोमन कॅथलिक चर्चने मृत्युनोंदीची वही १६१४ मध्ये नियमात आणली. सुरुवातीच्या नोंदी एका ओळीच्या असतात: अमक्याची विधवा, तमक्याचं मूल, एवढंच. इंग्लंडमध्ये १८१३ पासून छापील रकाने आले आणि वय व राहण्याचं ठिकाण नियमाने लिहिलं जाऊ लागलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून वहीची वार्षिक नक्कल बिशपांकडे जाई. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर ती नक्कल तारून नेते, म्हणून दोन्ही शोधा.

एक नोंद नवख्याला बुचकळ्यात टाकते. दफनाच्या पुढे ‘लोकरीत’ असं लिहिलेलं असतं. लोकरीचा धंदा वाढावा म्हणून इंग्लंडमध्ये १६७८ च्या कायद्याने कफन लोकरीचंच असलं पाहिजे असं ठरवलं होतं. तसं शपथपत्र द्यावं लागे, नाहीतर ५ पौंड दंड. तो कायदा १८१४ मध्ये रद्द झाला. ज्या मेंढ्यांसाठी जिवंत माणसांना गावातून काढलं, त्यांचीच लोकर पुढे मेलेल्यांच्या अंगावर सक्तीने आली, हे वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं.

वहीत दफनाची जागा सहसा लिहिलेली नसते. त्यासाठी जुने जमिनीचे नकाशे, चर्चच्या मालमत्तेच्या याद्या आणि शेतांची नावं पाहावी लागतात. ‘चर्चचं शेत’ किंवा ‘चॅपलची पट्टी’ असं नाव एखाद्या साध्या कुरणाला असेल तर तिथे आधी जा.

बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना कुठे पुरत?

कॅथलिक रीतीनुसार बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या मुलाला पवित्र केलेल्या आवारात जागा नसे. आयर्लंडमध्ये त्यांच्यासाठी ‘किलीन’ नावाच्या वेगळ्या जागा होत्या: शेताचा कोपरा, समुद्राची कड, आणि पुष्कळदा एखादं मोडकळीला आलेलं, वापरातून गेलेलं जुनं चर्च. बाप किंवा शेजारी बहुधा अंधारात मूल घेऊन जाई आणि वर न घडवलेला एखादा दगड ठेवी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. म्हणजे ज्या दफनभूमीला मोठी माणसं विसरली होती, ती या मुलांमुळे गुपचूप वापरात राहिली. अशा जागी विखुरलेले ओबडधोबड दगड दिसले तर ते साफ करून ढीग लावू नका. ते थडग्याचे दगड असू शकतात, आणि ज्यांनी ते ठेवले त्यांची भावंडं अजून हयात असू शकतात.

हाडांवरून काय कळतं?

व्हॅरम पर्सीला जवळपास सातशे सांगाडे मिळाले. खालची जमीन खडूच्या खडकाची, चुनखडीयुक्त, म्हणून हाडं टिकली; आम्लधर्मी वाळूत ती काही शतकांत विरून जातात. त्यांतल्या लहान मुलांच्या हाडांतल्या नायट्रोजनच्या अभ्यासातून दिसलं की आया मुलांना साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजत होत्या. कुठल्याही वहीत हे लिहिलेलं नाही. त्या बायकांची नावंही कुठे नाहीत, पण त्यांनी मुलांना किती दिवस दूध पाजलं ते आपल्याला माहीत आहे.

त्याच गावात आवाराबाहेर, वस्तीतल्या खड्ड्यांत, किमान दहा माणसांची तोडलेली आणि भाजलेली हाडं मिळाली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सुचवलं की मेलेला माणूस उठून त्रास देईल या भीतीने प्रेतांचं असं केलं गेलं असावं. दातांच्या तपासणीत ती माणसं परकी नव्हती, त्याच परिसरातली होती.

शेतात नांगराला हाडं लागली तर काय करायचं?

थांबायचं. हाड उचलू नका, पुसू नका, पिशवीत भरून घरी नेऊ नका. जागेचा फोटो काढा, वर माती किंवा कापड टाका आणि पोलिसांना कळवा. ते जुनं आहे की अलीकडचं, हे ठरवणं त्यांचं आणि तज्ज्ञांचं काम. बहुतेक देशांत मानवी अवशेष विनापरवाना हलवणं गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये १८५७ पासून त्यासाठी परवाना लागतो. १८८४ च्या तिथल्या आणखी एका कायद्याने वापरात नसलेल्या दफनभूमीवर बांधकामालाही मनाई केली. मेटल डिटेक्टर घेऊन हौसेने फिरणाऱ्यांनी अशा जागेत पाऊल टाकू नये. पेटीचा एक खिळा उपटला की ती पेटी कुठे संपत होती हे सांगणारा पुरावा जातो.

दगडावरची अक्षरं झिजली आहेत. कशी वाचायची?

खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम, तारेचा ब्रश, ब्लीच यातलं काहीही लावू नका. शेवाळ खरवडताना अक्षराची कडही निघते आणि ती परत येत नाही. रात्री जा, टॉर्च दगडाच्या एका कडेला टेकवून जवळजवळ समांतर धरा. दिवसा वाचता न येणारी अर्धी ओळ सावलीने उभी राहते. दुपारी आरशाने ऊन तिरपं टाकूनही जमतं. वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून आठ-दहा फोटो घ्या आणि घरी शांतपणे एकत्र पाहा. चुकीचं वाचण्यापेक्षा न कळलेल्या अक्षराच्या जागी टिंब देणं केव्हाही बरं.

इमारत नाही, दगड नाहीत, वहीही नाही. मग शोधून हाती काय लागणार?

ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला हेर्योल्फ्सनेस इथे नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, शेतकऱ्यांची वसाहत होती. पंधराव्या शतकात ती संपली. लोक कुठे गेले याबद्दल अजून वाद आहेत. वही नव्हतीच. चर्चचा फक्त पाया उरला होता आणि लाटा आवार खात होत्या. १९२१ मध्ये डॅनिश पुरातत्त्वज्ञ पोल न्योर्लुंड तिथे खणायला गेले. गोठलेल्या जमिनीत त्यांना लोकरीचे झगे, टोप्या, पायमोजे सापडले. लाकूड दुर्मीळ, पेट्या महाग, म्हणून लोकांनी मृतांना त्यांच्याच जुन्या, ठिगळ लावलेल्या कपड्यांत गुंडाळून पुरलं होतं. मध्ययुगातल्या साध्या माणसांचे रोजचे कपडे एवढ्या संख्येने क्वचितच कुठे मिळाले आहेत. आज ते डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. छातीवर ठेवलेले लहान लाकडी क्रूसही डझनांनी मिळाले.

आणि एका पेटीत देह नव्हता. आत फक्त एक लाकडाची काठी होती, तिच्यावर रून लिपीत कोरलं होतं की गुडवेग नावाच्या या बाईला ग्रीनलंडच्या समुद्रात सोडलं. तिचं शरीर किनाऱ्याला आणता आलं नव्हतं. तिच्या माणसांनी तिचं नाव आणलं, पेटीत ठेवलं आणि चर्चच्या आवारात, बाकीच्यांच्या शेजारी पुरलं.